एका तासाचे देणे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला ‘चार शब्द बोला’ म्हणून सांगितले तेव्हा मी प्रथम नकारच दिला. या व्यासपीठावर मी आजवर दोनदाच चढले आहे. एकदा भोंडल्याच्या हत्तीचा पाट मांडायला, आणि एकदा पाककृतींच्या स्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षीस घ्यायला. भाषण असे कधी केलेले नाही. पण चिटणीसबाई म्हणाल्या, “बेचाळीस किलोमीटर धावलात, आता बेचाळीस वाक्ये बोलायला काय हरकत आहे?” तेव्हा माझा निरुपाय झाला. वाक्ये थोडी जास्त झाली तर आपण सांभाळून घ्यावे.

१९ जानेवारी २०२५ रोजी मी मुंबईची मॅरेथॉन शर्यत पुरी केली, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा मला एकोणसाठावे वर्ष चालू होते. आपण सर्वांनी माझे फार कौतुक केलेत. जिन्यात, भाजीच्या गाडीपाशी, दवाखान्यात, जेथे भेटलात तेथे पाठीवर हात ठेवलात. पण खरे सांगू का? ते कौतुक ऐकताना मला चोरी केल्यासारखे वाटत असे. कारण आपल्याला या शर्यतीची अर्धीच हकीकत माहीत आहे. उरलेली अर्धी आज सांगते. ती माझ्या धाकट्या जावेची आहे.

आपल्यापैकी पुष्कळ जणी तिला ओळखत होता. मंडळाचा जमाखर्च तीन वर्षे तिनेच लिहिला. नोकरी बँकेत, त्यामुळे पै-पैशाचा हिशेब चोख. आमचे घर जुन्या वळणाचे. शिवाजी पार्कच्या जवळ तीन खोल्या, दोघे भाऊ, दोघी जावा, आणि स्वयंपाकघर एकच. ती बँकेत जाणारी, मी घर सांभाळणारी. सकाळी साडेसातच्या आत चार डबे भरायचे, ही आमची रोजची शर्यत.

२०१७ सालच्या दिवाळीनंतर धाकटीने पहाटे धावायला सुरुवात केली. पाचला उठायची, चोरपावलांनी कडी काढायची, पार्काला फेऱ्या घालायची आणि सहाच्या ठोक्याला परत यायची. एक तास, त्याहून अधिक नाही. पण तो तास नेमका नळाला पाणी येण्याचा, दूध तापवण्याचा आणि कणीक मळण्याचा. ती येईपर्यंत माझ्या निम्म्या पोळ्या झालेल्या असत. मी तोंडाने फार बोलत नसे. भांड्यांनी बोलत असे. ही भाषा आपल्याला परकी नाही.

तिचे धावणे वाढत गेले. जानेवारी २०१९ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२० मध्ये तिने मुंबईची अर्धी मॅरेथॉन, म्हणजे एकवीस किलोमीटरांची शर्यत, पुरी केली. त्या पहिल्या शर्यतीनंतर आमच्याकडे संक्रांतीचे हळदीकुंकू होते. कोणीतरी तिचे कौतुक करू लागले, तेव्हा तिळगुळाचे ताट हातात घेऊन मी सगळ्यांदेखत म्हणाले, “घरातल्या बाईला धावायला घर पुरते!” सगळ्या हसल्या. धाकटीही हसली. आपण मोठा विनोद केला असे मला वाटले. आज समोर बसलेल्यांपैकी दोघी-तिघी त्या दिवशी हजर होत्या. त्यांना ते आठवत नसेल. मला आठवते.

पुढे करोनाची साथ आली. २०२१ आणि २०२२ साली मॅरेथॉन झालीच नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात धाकटी म्हणू लागली, “ताई, पोट फुगल्यासारखे वाटते. दोन घासांत पोट भरते.” बँकेतही सारखे उठून बाथरूमला जावे लागे. मी म्हटले, “पळून पळून वात धरला असेल. ओवा चाव.” ओवा झाला, हिंग झाला, जिऱ्याचे पाणी झाले. ती एकदा डॉक्टरांचे नाव काढू लागली, तर मी म्हटले, “एवढ्याशा गॅसला डॉक्टर कशाला?” ती माझे ऐकत असे. जून, जुलै, ऑगस्ट असे तीन महिने गेले. ऑगस्टमध्येच तिने पूर्ण मॅरेथॉनसाठी नाव घातले. शर्यत जानेवारी २०२३ मध्ये होती.

सप्टेंबरात तिचे वजन उतरले आणि पोट मात्र वाढले. तेव्हा आम्ही धावलो. सोनोग्राफी झाली, रक्त तपासले, शस्त्रक्रिया झाली. बीजांडकोशाचा कर्करोग निघाला आणि तो पोटात पसरलेला होता.

डॉक्टरीणबाईंना मी एकदा एकटीने गाठले आणि विचारले, “तीन महिने आधी आणले असते तर?” त्या क्षणभर थांबून म्हणाल्या, “सांगता येत नाही. हा रोग पुष्कळदा पसरल्यावरच हाती लागतो.” त्यांनी मला दोष दिला नाही, पण माझी सुटकाही केली नाही. ‘सांगता येत नाही’ एवढेच घेऊन मी घरी आले. ते उत्तर अजून माझ्याजवळ आहे.

भगिनींनो, त्यांनी मला जे समजावले ते येथे मुद्दाम सांगते. पोट वरचेवर फुगणे, थोडे खाऊनही पोट भरणे, ओटीपोटात दुखणे, लघवीला वारंवार जावे लागणे, यांपैकी काही नव्याने सुरू झाले आणि दोन-तीन आठवडे राहिले, तर डॉक्टरांकडे जावे. आई, बहीण, मावशी यांपैकी कोणाला स्तनाचा किंवा बीजांडकोशाचा कर्करोग झाला असेल तर तेही आपण होऊन सांगावे. काही त्रास नसलेल्या बाईच्या अंगी हा रोग आधीच हुडकून काढील अशी खात्रीची चाचणी आज नाही. म्हणून शरीर जे सांगते तेच ऐकावे लागते. बहुतेक वेळा कारण साधेच निघते. पण ते साधे आहे हे डॉक्टरांनी ठरवावे, जावेने नव्हे.

१५ जानेवारी २०२३ चा दिवस. धाकटीचे उपचार चालू होते. डोक्याला रुमाल बांधलेला, अंगात दोन स्वेटर. पहाटेच म्हणाली, “ताई, मला रस्त्यावर घेऊन चला.” ही शर्यत परतीच्या वाटेवर वांद्र्याहून माहीम, शिवाजी पार्क, प्रभादेवी अशी आपल्याच भागातून जाते. कॅडेल रोडच्या पदपथावर मी तिच्यासाठी खुर्ची मांडली. संत्री सोलून फोडी ताटात ठेवल्या. ती एकेका धावणाऱ्यापुढे फोड धरी. दहा वाजत आले. गर्दी ओसरली, आसपासची मंडळी घरी गेली. मीही ताट उचलले. तेव्हा ती म्हणाली, “थांबा ना ताई. पुढचे जातात तेव्हा टाळ्या वाजवायला सगळे असतात. मागचे येतात तेव्हा रस्त्यावर कोणी नसते.” आम्ही थांबलो. अगदी शेवटी एक आजोबा लंगडत आले. धाकटी खुर्चीतून उठून उभी राहिली आणि शेवटची फोड तिने त्यांच्या हातात दिली.

जुलै २०२३ मध्ये ती गेली. सत्तेचाळीस वर्षांची होती.

गौरीगणपती त्या वर्षी आमच्याकडे नव्हते. सप्टेंबरात पुतणी म्हणाली, “मोठी काकू, आईचे कपाट आवरायला ये ना, मला एकटीला होत नाही.” कपाटात खालच्या खणात धावायचे बूट होते, आणि त्यांच्यामागे निळ्या पुठ्ठ्याची एक वही. तारीख, किलोमीटर आणि शेरा असे तीन रकाने आखलेले. बँकेतले वळणदार अक्षर. माझी छाती धडधडू लागली. शेऱ्याच्या रकान्यात माझ्याबद्दल काय काय लिहिले असेल, या धास्तीने मी पाने उलटू लागले.

काय लिहिले होते सांगू? “५. डबा ताई.” “८. पाऊस फार. डबा ताई.” “१२. उशीर झाला. डबा व भाजी ताई.” पानांमागून पाने हेच. ज्या ज्या दिवशी ती धावली, त्या त्या दिवशी डबा कोणी भरला याची नोंद. त्या हळदीकुंकवाचा दिवस मी शोधून काढला. तेथे लिहिले होते, “६. डबा ताई.” बस्स, दुसरे अक्षर नाही.

भगिनींनो, मी मनातल्या मनात रोज तिच्या नावावर जे खर्ची टाकत होते, ते ती तिकडे माझ्या नावावर जमा करीत होती. माझ्याकडून एक तास घेतला, तो फेडायचा आहे, असे ती समजून चालली होती. आणि मी तर तो कधी आनंदाने दिलाच नव्हता.

वहीच्या शेवटच्या पानावर पूर्ण मॅरेथॉनच्या तयारीचा अठरा आठवड्यांचा तक्ता होता. पहिल्या आठवड्यापुढे बरोबरच्या खुणा होत्या. पुढचे सतरा कोरे. मी पुतणीला म्हटले, “हा तक्ता मी पुरा करणार.” ती रडता रडता हसली. म्हणाली, “मोठी काकू, तुला बस गाठायला धावता येत नाही!” ते खरेच होते.

आता तयारीविषयी सांगते, कारण पुष्कळ जणी मला तेच विचारतात.

पहिली गोष्ट, डॉक्टर. या वेळी ओव्यावर भागवले नाही. रक्तदाब, साखर, हृदयाचा आलेख, चालत्या पट्ट्यावरची तपासणी, सगळे करून घेतले. हृदय ठीक निघाले. रक्तात लोह कमी. लोहाच्या गोळ्या आणि त्यांबरोबर लिंबाचे पाणी सुरू झाले. जेवणाला लागून चहा घेतला तर अन्नातले लोह अंगी नीट लागत नाही, हे मला अठ्ठावन्नाव्या वर्षी कळले. आयुष्यभर मी जेवण संपता संपता चहा टाकीत आले आहे.

दुसरी गोष्ट, बूट. धाकटीचे बूट मला एक नंबर लहान, शिवाय तिच्या पावलांनी झिजलेले. भावनेच्या भरात ते घालून धावले असते तर आठवड्यात पाय धरून बसले असते. माझ्या मापाचे नवे घेतले. तिचे पुसून खणात ठेवले.

कपड्यांचा प्रश्न मोठा होता. लग्नानंतर मी साडीखेरीज काही ल्याले नव्हते. साडी नेसून धावता येत नाही असे नाही. बारामतीच्या लता भगवान करे नवऱ्याच्या औषधपाण्यासाठी नऊवारीत, अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. २०२० साली त्यांच्यावर मराठी चित्रपट आला, त्यात त्यांनी स्वतःच काम केले. पण माझी तेवढी योग्यता नाही. पुतणीने मला पँट आणि सैल सदरा आणून दिला. पहिल्या दिवशी मी त्यावर ओढणी घेतली होती. पार्काच्या दुसऱ्या फेरीला ती पायात आली, तेव्हा काढून कमरेला बांधली. तिसऱ्या दिवसापासून ती घरीच राहिली.

तिसरी गोष्ट, घाई करायची नाही. सुरुवातीला अर्धा तास नुसते भरभर चालणे. मग एक मिनिट धावणे, दोन मिनिटे चालणे. पार्काची एक फेरी सव्वा किलोमीटरला थोडी कमी भरते. ती न थांबता धावायला मला सात आठवडे लागले. धावण्याचा वेग किती असावा? तर शेजारणीशी बोलता यावे इतका. धाप लागून बोलणे बंद पडले तर वेग जास्त झाला असे समजावे. आपल्या मंडळातील भगिनींना ही कसोटी सोपी जाईल. दर आठवड्याला अंतर वाढवायचे ते फार तर दहावा हिस्सा. आठवड्यात तीन दिवस थोडे धावणे, एक दिवस मांड्या आणि कंबर बळकट करणारे व्यायाम, रविवारी लांब पल्ला, उरलेले दिवस चालणे किंवा विश्रांती. विश्रांतीचा दिवस चुकवू नये. धावण्याने स्नायू थकतात. बळ येते ते नंतरच्या विश्रांतीत आणि झोपेत.

चौथी गोष्ट, खाणेपिणे. तास-दीड तासाच्या पुढे धावताना घामाबरोबर मीठही जाते. अशा वेळी नुसते साधे पाणी भरमसाट प्यायले तर रक्तातले मीठ पातळ होऊन चक्कर येते, प्रसंगी जिवावरही बेतते. म्हणून मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी, खजूर, केळे आणि राजगिऱ्याची चिक्की. हे सगळे आपल्याच घरातले आहे.

जुलै २०२४ मध्ये, तिच्या वर्षश्राद्धाच्या आठवड्यात, माझा उजवा गुडघा धरला. बाहेर पाऊस कोसळत होता. मला वाटले, झाले, संपले. तीन आठवडे धावणे बंद आणि खुर्चीवर बसून पायाला वजन बांधून व्यायाम. त्या तीन आठवड्यांत मी रोज त्या वहीचे एक पान वाचत असे. ऑगस्टअखेर पुन्हा सुरुवात केली. मग तिचा तक्ता जसाच्या तसा धरला. डिसेंबरच्या अखेरीस बत्तीस किलोमीटर झाले. त्यानंतर अंतर कमी कमी करीत आणायचे असते. म्हणजे पाय शर्यतीच्या दिवशी ताजे राहतात.

पण या सगळ्याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. मी पाचला घराबाहेर पडू लागले, तेव्हा प्रश्न आला की डबे कोण भरणार? नळ तोच, दूध तेच, कणीकही तीच. आता घरात दुसरी जाऊ नव्हती. पहिले चार दिवस पाव आणला. पाचव्या दिवशी भावोजी, म्हणजे माझे दीर, परातीपुढे उभे राहिले. पहिली कणीक लापशीसारखी झाली. दुसरी दगडासारखी. महिन्याभरात पोळी फुगू लागली. आमच्या ‘ह्यां’नी भाजी चिरायचे पत्करले. भेंडी इतकी जाड चिरीत की एकेक घास एकेका भेंडीचा! पण डबे भरले जाऊ लागले.

एके पहाटे धावता धावता माझ्या लक्षात आले आणि मी कट्ट्यावर मटकन बसले. इतकी वर्षे मी धाकटीवर मनातून रागावत होते, की ही तास घेऊन जाते आणि काम माझ्यावर टाकते. सातपर्यंत पांघरूण ओढून झोपणाऱ्या दोघा भावांवर मला एक दिवसही राग आला नाही. तो विचारच मनाला शिवला नाही. आम्ही दोघी जावा एका तासाची ओढाताण करीत होतो, आणि घरात आणखी दोन माणसांचे दोन तास स्वस्थ झोपलेले होते.

हा आपल्या एका घरातला दोष आहे असे नाही. १९२८ साली ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये बायका आठशे मीटर धावल्या, तर ‘हे बायकांच्या प्रकृतीला झेपत नाही’ अशी ओरड झाली आणि पुढे १९६० पर्यंत ऑलिंपिकमध्ये बायकांना दोनशे मीटरपुढची शर्यत ठेवलीच नाही. १९६७ साली अमेरिकेत बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये कॅथरीन स्विट्झर धावत असता एका अधिकाऱ्याने भर रस्त्यात त्यांच्या अंगावरचा क्रमांक ओढून काढण्याचा प्रयत्न केला. त्या तरीही धावल्या आणि शर्यत पुरी केली. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन आली ती १९८४ साली. पुतणीने मला हे वाचून दाखवले तेव्हा ती त्या अधिकाऱ्यावर संतापली होती. मी गप्प बसले. त्याने जे हाताने केले, तेच मी तिळगुळाचे ताट घेऊन जिभेने केले होते.

आता शर्यतीचा दिवस. पुतणीची फार इच्छा होती की छातीवरच्या क्रमांकावर आईचे नाव असावे. पण ज्याचे नाव नोंदलेले, त्यानेच त्या क्रमांकावर धावायचे असा नियम आहे आणि तो योग्य आहे. वाटेत काही झाले तर माणूस कोण हे कळले पाहिजे. मी माझ्याच नावाने धावले.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून अंधारातच सुटलो. मरीन ड्राइव्हला समुद्राचा वारा होता. पेडर रोडचा चढ तेव्हा जाणवलाही नाही. पुढे हाजीअली, वरळी आणि मग वांद्रे-वरळी सागरी सेतू. एरवी तेथे पायी माणसाला मज्जाव. त्या एका दिवशी रस्ता आपला. सेतूवर उजाडले. एका बाजूला शहर, दुसरीकडे मोकळे पाणी. एवढा वेळ मला कोणी हाक मारली नव्हती, कोणी काही मागितले नव्हते. धाकटी पहाटे कशासाठी जात असे, ते मला तेथे समजले.

सेतू उतरून माहीमकडे येताना मागून मोटारसायकलींचा आवाज आला आणि आफ्रिकेचे नामवंत धावपटू हरणांसारखे निघून गेले. ते आमच्यानंतर दोन तासांहून अधिक उशिरा सुटलेले! माझ्या शेजारच्या बाई म्हणाल्या, “यांना घरी जाऊन स्वयंपाक असेल.” आम्ही दोघी धावता धावता हसलो.

आणि मग कॅडेल रोड. तेथे कोण उभे होते हे आपल्याला सांगायला नको. आपणच उभ्या होता. संत्र्यांच्या फोडी, मीठ लावलेली काकडी, चिक्की. आणि त्याच पदपथावर, त्याच जागी, भावोजींनी एक रिकामी खुर्ची मांडली होती. पुतणीने फोड माझ्या तोंडात घातली. मला थांबायचे होते. ती म्हणाली, “मोठी काकू, थांबू नकोस, सोळा राहिलेत.” मी पुढे गेले. मागून मला आपल्या टाळ्या ऐकू येत होत्या. नंतर कळले की माझ्या मागचा शेवटचा माणूस जाईपर्यंत आपण कोणी जागची हलला नाहीत. माझ्या पदकापेक्षा मला त्याचे मोल अधिक वाटते.

पस्तीस किलोमीटर मागे टाकल्यावर पेडर रोडचा चढ पुन्हा आला. पहाटे जो जाणवला नाही, तो आता भिंतीसारखा उभा. ऊन चढलेले, पोटऱ्यांत गोळे, डाव्या अंगठ्याचे नख काळेनिळे. मी चालू लागले. तेव्हा माझेच वाक्य मला ऐकू आले, ‘घरातल्या बाईला धावायला घर पुरते.’ मी मनात म्हटले, नाही ग, पुरत नाही. तुलाही पुरत नव्हते, मलाही पुरत नव्हते. मला ते कळायला उशीर झाला. त्या चढावर मी तिची माफी मागितली. वर पोचल्यावर पुन्हा धावू लागले.

४२ किलोमीटर १९५ मीटर. सहा तास एकवीस मिनिटे. माझ्या आधी हजारो पोचले होते. गळ्यात पदक पडले. पुतणी म्हणाली, “आईच्या फोटोला घालूया का?” मी म्हटले, नको. फोटोला पदक घातले की देणे फिटले असे वाटते. तसे ते फिटत नाही.

घरी येऊन आंघोळ केली आणि ती निळी वही काढली. तिच्या शेवटच्या नोंदीखाली मी माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिले, “१९ जानेवारी २०२५. ४२.१९५. डबा भावोजी.”

भगिनींनो, सर्वांनी मॅरेथॉन धावावी असे माझे मुळीच म्हणणे नाही. कोणाला पोहायचे असेल, कोणाला पेटी शिकायची असेल, कोणाला नुसते दार लोटून तासभर निजायचे असेल. माझे मागणे दोनच आहेत. एक, पोटाची, छातीची, अंगावर जाण्याची कोणतीही तक्रार आली तर एकमेकींना ओवा सुचवू नका. हात धरून डॉक्टरांकडे न्या. दुसरे, आपल्या घरातली सून, जाऊ, नणंद, लेक, कोणीही असो, तिने दिवसातला एक तास मागितला तर तो भांडी न आदळता द्या. आणि तो तास एकट्या तुमच्याच वाट्यातून जात असेल, तर घरात अजून कोण कोण झोपलेले आहे ते एकदा पाहा.

सोमवारपासून सकाळी साडेपाचला मी पार्काच्या कट्ट्यापाशी उभी असेन. धावता आले नाही तरी चालेल. चालता आले तरी चालेल. आणि जी सर्वांत मागे असेल, ती येईपर्यंत आम्ही थांबू.